दोर गाठीपाशीच का तुटतो, आणि गाठीशिवाय तो कसा जोडतात

३ सप्टेंबर २०२५ ला लिस्बन शहरातली 'ग्लोरिया' ही चढावरची जुनी केबल-रेल्वे घसरून कोसळली आणि १६ माणसं गेली. आपल्याकडे वणीच्या सप्तशृंगी गडावर जी फ्युनिक्युलर आहे, त्याच जातीची ही गाडी. एका केबलच्या दोन टोकांना दोन डबे, एक वर चढतो तेव्हा दुसरा खाली उतरतो. बातमी वाचणाऱ्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की केबल तुटली. पोर्तुगालच्या अपघात तपास यंत्रणेने नंतर जे प्राथमिक टिपण काढलं, त्यात नेमकी जागा दिली होती. वरच्या डब्याच्या पोटात केबल जिथे डब्याला जखडलेली होती, तिथे ती सुटली. बाकीच्या लांबीत दोष आढळला नाही. त्याच दिवशी सकाळी तपासणी झाली होती, तीही निर्दोष. कारण ती जागा सुटे भाग उघडल्याशिवाय दिसतच नाही.

दोरांची ही रीतच आहे. विहिरीचा दोर घ्या, होडीच्या नांगराचा घ्या, ट्रकवरचा माल आवळणारा घ्या. चांगला दोर मधल्या मोकळ्या भागात सहसा तुटत नाही. तो तुटतो टोकाशी, जोडाशी, गाठीशी, किंवा कप्पीवर नाहीतर कडेवर घासतो तिथे. म्हणून ज्यांचं पोट दोरावर चालतं ती माणसं कायमच्या जोडाला गाठ मारत नाहीत. दोराचे पेड उकलतात आणि एकमेकांत विणून टाकतात. या जोडाला इंग्रजीत स्प्लाइस म्हणतात. या लेखापुरतं आपण त्याला 'सांधा' म्हणू.

मुळात दोर एवढा लांब होतो कसा?

नारळाच्या सोडणातून निघणारा काथ्याचा धागा जेमतेम वीतभर, फार तर त्याहून थोडा मोठा. कापसाचा तंतू तर अडीच-तीन सेंटिमीटरचा. त्यांपासून शंभर मीटरचा अखंड दोर वळला जातो आणि त्यात कुठेही डिंक नसतो, खिळा नसतो, गाठ नसते. मग त्याला धरून कोण ठेवतं? हा प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता. १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने तो मांडला: दोन-तीन हात लांबीचे तंतू शंभर हातांचा दोर होऊन इतके मजबूत कसे होतात?

उत्तर पिळात आहे. तंतू एकत्र करून त्यांना पीळ दिला की ते एकमेकांवर दाबले जातात, आणि दाबले गेले की घसरत नाहीत. या पिळाचं सूत होतं. अनेक सुतं उलट दिशेने पिळली की त्यांचा पेड होतो. असे तीन पेड पुन्हा उलट दिशेने वळले की दोर तयार. दिशा दर पायरीला उलटी करायची, यातच सगळी अक्कल आहे. प्रत्येक पेडाला आपला पीळ सोडायचा असतो, पण त्याने तो सोडायला घेतला की दोराचा पीळ आणखी घट्ट होतो. दोघे एकमेकांना अडवून बसतात आणि दोर शांत राहतो. दोराला ताण दिला की पेड आतल्या बाजूला आणखी आवळतात, तंतू आणखी दाबले जातात, पकड वाढते.

गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज २१ मे २०२५ ला कारवारच्या तळावर नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या एका चित्रातल्या, पाचव्या शतकातल्या जहाजावरून त्याचा घाट घेतलेला आहे आणि त्याच्या फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या आहेत. खिळ्यांशिवाय जहाज समुद्रात टिकेल कसं, असं अनेकांना वाटलं. काथ्याच्या धाग्यांचं घर्षण किती ताकदीचं असतं याचा अंदाज आपल्याला फारसा नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा ही गोष्ट पक्की धरून पुढे जाऊ: दोर हा पहिल्यापासूनच जोडांचा बनलेला असतो. लाखो तुटक तंतू एकमेकांच्या दाबाने टिकून असतात. सांधा करणारा माणूस तेच काम पेडाच्या पातळीवर पुन्हा एकदा करतो.

गाठ दोराचं काय बिघडवते?

दोर सरळ असताना तिन्ही पेड भार वाटून घेतात. गाठीत तो अगदी लहान वळणाने वाकतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात, आतल्या अंगाचे जवळजवळ रिकामे बसतात. दहा जणांनी उचलायचं ओझं चौघांच्या खांद्यावर येतं. त्यात दोर स्वतःच्याच दुसऱ्या वेढ्याखाली चिरडला जातो. ताण एकदम वाढला की सरकणाऱ्या गाठीत उष्णता होते, आणि प्लॅस्टिकच्या तंतूंना ती सोसत नाही. म्हणून दोर बहुधा गाठीच्या तोंडाशी, जिथे तो गाठीत शिरतो तिथेच, तुटतो.

आकडे गाठीप्रमाणे आणि धाग्याप्रमाणे बदलतात, पण ढोबळ हिशेब असा. दोन दोर जोडायची आपली नेहमीची साधी गाठ दोराची निम्मी ताकद खाते, कधी त्याहून जास्त. खलाशी जी चांगली गाठ मारतात, बोलाइन, ती ६० ते ७० टक्के ताकद राखते. नीट केलेला सांधा ८५ ते ९५ टक्के राखतो. बाजारात मिळणारा १२ मिलिमीटर जाडीचा चांगल्या प्रतीचा पॉलिप्रॉपिलीनचा नवा दोर सुमारे दोन टन ताणाला तुटतो. त्याला साधी गाठ मारली की तो एक टनाचा उरतो. सांध्याने तो पावणेदोन टनांच्या आसपास राहतो.

गाठीचे बाकीचे उपद्रव सगळ्यांना ठाऊक आहेत. ती रहाटाच्या चाकावर येऊन उडी मारते. हातातून दोर सोडताना तळवा सोलते. लाटांवर हेलकावणाऱ्या होडीचा दोर क्षणात ताणला जातो, क्षणात ढिला पडतो. अशा झटक्यांत काही गाठी हळूहळू सुटतात आणि काही इतक्या घट्ट होतात की कोयत्याशिवाय सुटत नाहीत.

मग सांधा कशाच्या बळावर धरतो?

घरात करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. शंभर-शंभर पानी दोन वह्या घ्या. पत्ते पिसतात तशी एकीची पानं दुसरीच्या पानांत एकाआड एक घाला. आता दोघांनी दोन्ही वह्यांचे कणे धरून सरळ ओढा. जोर लावाल तितक्या त्या जास्त घट्ट होतात. कण्यापाशी पानं दाटीने असतात आणि एकमेकांत शिरतात तिथे जाडी दुप्पट होते. त्यामुळे प्रत्येक पान थोडं तिरकं ओढलं जातं. तिरक्या ओढीचा काही हिस्सा दाबात बदलतो, दाबाचं घर्षण होतं. तुम्ही वापरलेला जोर तुमच्याच विरुद्ध काम करतो.

सांध्यातही हेच चालतं. एका दोराचा पेड दुसऱ्याच्या पेडांच्या वरून, खालून, पुन्हा वरून असा तिरका जातो. ताण आला की भोवतीचे पेड आवळतात आणि त्याला चिमटीत धरतात. गाठीसारखं एकच तीव्र वळण कुठे नसतं. सांध्याच्या लांबीभर थोडा थोडा भार एका दोरातून दुसऱ्यात सरकत जातो.

इथे घर्षणाचा एक नियम माहीत असलेला बरा. दोर एखाद्या खुंट्याभोवती गुंडाळला की पकड वेढ्यागणिक गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने पकड जवळजवळ पाचपट होते, दोन वेढ्यांनी २३ पट, तीन वेढ्यांनी शंभराच्या वर. बंदरात एकटा माणूस खुंट्याला दोन-तीन वेढे देऊन अख्खी बोट थोपवतो ती याच जोरावर. सांध्यातल्या पेडाचं वळण पूर्ण वेढ्याइतकं नसतं, पण गुणाकार तोच असतो. तिन्ही पेड एकेकदा विणले की एक फेरी होते. दोन फेऱ्यांचा सांधा सरकतो आणि पाच फेऱ्यांचा हलत नाही, त्याचं कारण हे.

हाताने करून बघायचं तर

शिकताना १२ मिलिमीटरचा तीन पेडी दोर घ्यावा. त्याहून बारीक दोरात बोटं शिरत नाहीत. काथ्याचा दोर हात खरवडतो, नायलॉन बोटांतून निसटतं. पहिल्या हाताला सुती दोर सगळ्यांत सोयीचा. हत्यार म्हणाल तर पेडांमध्ये फट पाडायला बोटाएवढी टोकदार गुळगुळीत लाकडी खुंटी. ती नसेल तर पेन चालतं. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नये, त्याची कड तंतू कापते.

किती उकलायचं? दर फेरीला दोराच्या जाडीच्या तिप्पट लांबी लागते. पाच फेऱ्यांसाठी १२ मिलिमीटरच्या दोराला १८ सेंटिमीटर. हातात धरायला जागा हवी म्हणून पाव मीटर उकला. त्याआधी जिथपर्यंत उकलणार तिथे दोरा गुंडाळून करकचून बांधा. नाहीतर दोर पुढे पुढे उकलतच जातो. सुटलेल्या प्रत्येक पेडाच्या टोकालाही चिकटपट्टी लावा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण नायलॉनचा पीळ टोक कापताच पळून जातो.

आता दोन्ही दोर समोरासमोर धरा, तीन पेड इकडचे आणि तीन तिकडचे. ते एकमेकांत असे घुसवा की प्रत्येक पेड समोरच्या दोन पेडांच्या मध्ये येईल. दोन्ही दोर एकमेकांना घट्ट भिडले पाहिजेत. इथे फट राहिली तर पुढची सगळी मेहनत वाया. भेटीच्या जागी तात्पुरता दोरा बांधा.

उजव्या दोराचा एक पेड उचला. डाव्या दोराच्या लगतच्या पेडावरून न्या आणि त्याच्या पुढच्या पेडाखालून काढा. दिशा दोराच्या पिळाच्या आडवी, म्हणजे पिळाच्या उलट. पिळाच्या दिशेनेच नेलात तर तुमचा पेड त्यांना समांतर पडून राहील आणि चिमटीत सापडणार नाही. दोर एक तृतीयांश फिरवा, दुसरा पेड तसाच. पुन्हा फिरवा, तिसरा. ही झाली एक फेरी. तिन्ही पेड सारखे ओढा आणि दुसरी फेरी घ्या. बरोबर चाललं असेल तर कुठल्याही फटीतून दोन पेड बाहेर येताना दिसणार नाहीत. दिसले तर मागे जाऊन उसवा. एक बाजू झाली की दुसऱ्या दोराचे पेड विरुद्ध दिशेला तसेच.

काथ्या, ताग, सुती अशा खरखरीत दोराला प्रत्येक बाजूला तीन फेऱ्या पुरतात. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीनला पाच तरी हव्यातच. सांधा पायाखाली घेऊन जमिनीवर लाटा, म्हणजे पेड आपापल्या जागी बसतात. उरलेली टोकं कापताना अर्धा इंच ठेवा. अगदी चिकटून कापलेलं टोक पहिल्या ताणाला आत ओढलं जातं.

हातात कौशल्य आल्यावर आणखी एक सुधारणा करता येते. पूर्ण फेऱ्या झाल्या की प्रत्येक पेडातले एक तृतीयांश तंतू कापून एक फेरी घ्यायची, मग आणखी एक तृतीयांश कापून शेवटची. सांधा दोन्हीकडे निमुळता होतो. हे केवळ दिसायला बरं म्हणून करायचं नसतं. जाडी एकदम बदलते तिथे दोर एकदम ताठ होतो आणि तिथेच वाकून झिजतो.

माझ्या मते मात्र शिकायची सुरुवात दोन दोर जोडण्याने करूच नये. आधी डोळा गुंफावा. दोराचं टोक वळवून त्याच्याच अंगात याच पद्धतीने विणलं की न सरकणारा, न सुटणारा फास तयार होतो. जनावराचं दावं, झोपाळ्याची कडी, होडीचा दोर, बादलीची मूठ, सगळीकडे त्याचा उपयोग आहे, आणि एका वेळी सहाऐवजी तीनच पेड सांभाळावे लागतात. लोखंडी कडीत अडकवणार असाल तर डोळ्याच्या आत थिंबल म्हणजे पन्हळीसारखं धातूचं कडं बसवा, म्हणजे दोर लोखंडावर घासणार नाही.

सांधा जाड होतो, कप्पीतून जाईल का?

नाही जाणार. वर सांगितलेल्या सांध्यात तीनाच्या जागी सहा पेड येतात, जाडी बरीच वाढते. विहिरीच्या रहाटावर हा सांधा गाठीपेक्षा बरा चालेल, पण लहान कप्पीत अडकेल.

त्यासाठी लांब सांधा असतो. यात एका दोराचा एक पेड उकलत मागे जायचं आणि रिकाम्या झालेल्या चरीत दुसऱ्या दोराचा पेड भरत यायचं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. तिसरी जोडी मध्येच राहते. अशा रीतीने पेडांच्या जोड्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी फक्त दोन पेड एकमेकांत अडकवून बुजवायचे असतात. दोर जवळजवळ मूळ जाडीचाच राहतो. त्याची किंमत अशी की दोर कितीतरी जास्त खर्च होतो आणि ताकद आखूड सांध्यापेक्षा थोडी कमी भरते.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत वाफेच्या इंजिनाच्या प्रचंड चाकावरून प्रत्येक मजल्याला गती पोचवायला जाड सुती दोर असत, आणि ते याच सांध्याने बिनटोकाचे केलेले असत. मुंबईच्या कापड गिरण्यांची यंत्रं मुख्यतः तिथूनच येत.

आज हे तंत्र सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसतं ते रोपवेत. पाळणे गोल गोल फिरवणारी पोलादी केबल अखंड असावी लागते, आणि पोलादी तारांचा चाळीस मिलिमीटर जाड दोर वितळवून जोडला तर पोलादाचं पाणी जातं आणि ती जागा ठिसूळ होते. म्हणून तोही विणतात. पेड सहा, त्यांची टोकं दोराच्या गाभ्यात खुपसलेली. सांध्याची लांबी केबलच्या जाडीच्या किमान १२०० पट ठेवण्याचा नियम आहे. चाळीस मिलिमीटरच्या केबलला हा सांधा ४८ मीटरचा होतो. त्याला धरून ठेवणारं तिथेही घर्षणच.

हल्लीच्या दोऱ्या तर विणलेल्या असतात, त्यांना पेड कुठे?

खरं आहे. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या रंगीत दोऱ्यांतल्या बऱ्याच आता यंत्रावर नळीसारख्या विणलेल्या असतात. त्यांची आतून पोकळ जात असेल तर काम उलट सोपं आहे. एका दोरीचं टोक दुसरीच्या पोकळीत सरकवायचं. ताण आला की बाहेरची नळी लांब होते, अरुंद होते आणि आतल्या टोकाला आवळते. शिडाच्या होड्यांवर डायनीमा या कृत्रिम धाग्याची दोरी अशीच जोडतात. डायनीमा पोलादाच्या तोडीची पण फार गुळगुळीत, म्हणून टोक जाडीच्या सुमारे ७० पट आत घालावं लागतं. दहा मिलिमीटरच्या दोरीला सत्तर सेंटिमीटर. अशा सांध्याची पकड ताणावर अवलंबून असते, त्यामुळे दोरी ढिली असताना टोक निसटू शकतं. त्यावर उपाय म्हणून सांध्यातून आरपार चार टाके घालतात.

आत गाभा आणि वर वेगळी विणलेली खोळ अशा दोरीच्या वाटेला मात्र घरी जाऊ नये.

माणूस लटकणार असेल तर?

मग हा लेख बाजूला ठेवा. सह्याद्रीतल्या कड्यांवर वापरतात तो चढाईचा दोर याच खोळीच्या जातीचा. त्याचा भार मुख्यतः आतला गाभा घेतो, आणि तो आपण जोडू शकत नाही. गिर्यारोहक तिथे मुद्दाम गाठच मारतात. गाठ मारली आहे की नाही, बरोबर आहे की नाही, हे जोडीदाराला दोन पावलांवरून दिसतं, आणि काम झालं की ती सोडता येते. ताकद कमी होते हे दोर बनवताना धरलेलंच असतं. तुटलेला किंवा खोळ फाटलेला चढाईचा दोर सांधून पुन्हा कड्यावर नेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

सामान उचलण्यापुरतं बोलायचं तरी तुटण्याचा आकडा म्हणजे वापरण्याचा आकडा नव्हे. दोन टनाला तुटणारा दोर दोनशे किलोपर्यंतच वापरावा. झटका, ऊन, वाळू आणि वय यांचा हिशेब त्या उरलेल्या अठराशेत असतो. नायलॉन ताणलं की रबरासारखं लांबतं, तुटलं की तितक्याच वेगाने परत येतं. तैपेईमध्ये २५ ऑक्टोबर १९९७ ला रस्सीखेचीचा दोर शेकडो लोक ओढत असताना तुटला आणि दोघांचे हात तुटले. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू नये.

जुन्या दोराला नवा जोडला तर?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, कारण दोर महाग आहे आणि अर्धा चांगला असलेला दोर कोणी टाकवत नाही. आधी जुन्याचा पीळ थोडा उलगडून आत बघा. बाहेरून काळवंडलेला पण आत तकतकीत असेल तर दोर अजून कामाचा आहे. आतून भुकटी पडत असेल, तंतू तुटक झाले असतील तर त्याला कितीही सुंदर सांधा घाला, तो सांध्याच्या शेजारी तुटेल. पॉलिप्रॉपिलीन उन्हाने असंच मरतं.

जात एकच, जाडी एकच आणि पेड तीनच असतील तर खुशाल सांधा. नायलॉनला पॉलिप्रॉपिलीन जोडू नये. एक बराच ताणतो, दुसरा कमी. सांध्यात पेड एकमेकांवर सतत सरकत राहतात आणि फेऱ्या ढिल्या पडतात. जाड दोराला बारीक दोर गुंफला तर बारीक पेड जाड फटीत सैल बसतात आणि चिमटी लागतच नाही. असे विजोड दोर जोडायची वेळ आलीच, तर दोन्हींच्या टोकांना वेगवेगळे डोळे गुंफा, दोन्हींत थिंबल बसवा आणि ते एका शॅकलने, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या धातूच्या कडीने, अडकवा. शॅकलची पिन तारेने बांधायला विसरू नका, कंपनांनी ती फिरते.